सतरा नंबरची पुडी

अलास्कात फेअरबँक्सजवळच्या एका संशोधन संग्रहात एक जुनी नोंदवही आहे. हिमयुगातल्या खारींची जी घरटी आम्ही गोठलेल्या जमिनीतून काढली, त्यांची त्यात यादी आहे. घरट्याचा नंबर, कुठे सापडलं, किती खोल, आत काय काय होतं, आणि शेवटचा रकाना 'निवडणारा'. एक ते सत्तावीस, सगळ्या नंबरांसमोर त्या रकान्यात माझी आद्याक्षरं आहेत.

त्यातलं एकही घरटं मी निवडलेलं नाही. सगळी माझ्या बायकोने निवडली, आमच्या स्वयंपाकघरात, एका स्टुलावर बसून. हे मी तीस वर्षांहून जास्त काळ कोणाला सांगितलं नाही. याहून वाईट एक गोष्ट होती, ती मी बायकोलाही सांगितली नव्हती. आता दोन्ही लिहितो.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण इकडे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅरी गावात, आमच्या मराठी मंडळातल्या लोकांना अजून वाटतं की मी मॅमथचे सांगाडे खणत होतो. मॅमथचं हाड एखाद्या दिवशी निघे, सगळे फोटो काढत, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गाळ. तिथली जमीन खोलवर बारा महिने गोठलेली असते. सोनं शोधणारे खाणवाले पाण्याचा मोठा झोत मारून गोठलेल्या गाळाच्या भिंती वितळवत, आणि त्या भिंतींतून हजारो वर्षांपूर्वीचं काही ना काही बाहेर येई. बायसनची शिंगं, घोड्याचे दात. आणि कधीकधी फुटबॉलएवढा गवताचा गोळा. जमिनीत बीळ करून राहणाऱ्या खारीचं ते घर. तिने हिवाळ्यासाठी साठवलेल्या बिया, तिच्या लेंड्या, किड्यांचे पंख, सगळं जिथल्या तिथे. वितळायला लागलं की ओल्या गोठ्यासारखा वास सुटे.

बायकोला मी पहिल्यांदा हे वर्णन करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे उन्हाळाभर गोळा करायचं आणि हिवाळाभर झोपायचं. तुमच्यातलीच निघाली."

आम्हाला त्या बियांवरून कळायचं की तेव्हा तिथे कुठली गवतं आणि झुडपं होती. त्यासाठी घरटं पाण्यात सोडवायचं, बारीक चाळण्यांतून काढायचं, वाळवायचं, आणि मग उरलेला चुरा भिंगाखाली कणाकणाने निवडायचा. बी एकीकडे, पंख एकीकडे, केस एकीकडे. धुणं आणि वाळवणं मला जमे. निवडणं जमेना. माझी बोटं जाड, आणि भिंगात दहा मिनिटं बघितलं की मला झोप येई. पहिलं घरटं तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून होतं आणि आमचे प्रमुख रोज येता-जाता त्याच्याकडे बघत. ते एक उंच, शांत अमेरिकन गृहस्थ होते. रागावत नसत, फक्त बघत. त्याने जास्त त्रास होई.

एका शुक्रवारी मी तो चुरा स्टीलच्या डब्यात भरून घरी आणला. नमुने इमारतीबाहेर न्यायचे नाहीत असा कडक नियम होता. शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर भिंग लावून बसलो. बायकोने पोळ्या करता करता दोनदा वळून बघितलं आणि मग हात धुऊन आली.

"उठा," ती म्हणाली. "तुम्ही बिया निवडताय की त्यांची समजूत काढताय?"

तिचे वडील कराडला किराणा दुकानदार होते. लहानपणापासून ती दुकानात बसून धान्य निवडत आली होती, आणि पुढे वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. त्या पदवीला अमेरिकेत कोणी विचारलं नव्हतं. तिने कपाटावरून सूप काढलं. ते तिने लग्नानंतर पहिल्या प्रवासात सामानात आणलं होतं आणि मी त्यावरून तिची थट्टा केली होती. सुपावर तिने तो चुरा अगदी हलक्या हाताने घोळला. धूळ कडेला गेली, बिया एका बाजूला आल्या, हलके पंख दुसऱ्या बाजूला. मग ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलून तिने बशांत ठेवलं. दुपारच्या जेवणापर्यंत घरटं निवडून झालं होतं.

बिया, पंख, केस, प्रत्येकाची तिने कागदाची वेगळी पुडी बांधली. दुकानात बांधत तशी, दोऱ्याशिवाय, शेवटचं टोक आत खोचलेली. हातातून पडली तरी न सुटणारी. सोमवारी मी त्या पुड्या प्रमुखांसमोर ठेवल्या. त्यांनी एक उघडली, भिंगाखाली बघितली आणि म्हणाले, तुझे डोळे घारीचे आहेत.

मी थँक यू म्हणालो. चूक तिथे झाली. त्या क्षणी एक वाक्य बोललो असतो तर पुढचं काही झालं नसतं.

मग तो आमचा परिपाठच झाला. सकाळी डब्यातून पोळीभाजी जाई, संध्याकाळी दुसऱ्या डब्यातून हिमयुगातल्या खारीचं जेवण घरी येई. बायकोने त्या डब्याला लाल दोरी बांधून ठेवली होती आणि घरटं निवडायच्या दिवशी टेबलावर जिरं, मोहरी, तीळ, काही फिरकू देत नसे. पाच वर्षांची आमची मुलगी टेबलाखाली बसे आणि विचारी, "आई, खारूताईने आज काय खाल्लं?" बायको खरंच सांगे. आज नुसतं गवताचं बी. आज फुलं पण होती. आज बिचारीला किडे लागले होते.

ती नुसती निवडत नसे, ती बघत असे. सतरा नंबरचं घरटं निवडताना तिने टेबलावर दोन वेगळे ढीग केले आणि मला हाक मारली.

"ही दोन घरं आहेत."

"एकच गोळा होता. मी स्वतः काढला भिंतीतून."

"गोळा एक असेल. हे बी बघा, काळं पडलेलं, किड्यांनी पोखरलेलं, पाणथळ जागेतलं आहे. आणि हे स्वच्छ, कोरड्या माळावरचं. एकीचं जुनं बीळ होतं, त्यात दुसरीने मागाहून संसार मांडलाय."

"फॉर्मवर एकच ओळ आहे," मी म्हणालो. "एकत्र कर."

"वेगळं दिसतंय ते एकत्र कशाला करू?"

"अगं, सोमवारी द्यायचंय. कर एकत्र."

ती पुन्हा कुंचला घेऊन बसली. सोमवारी मला बियांची एकच पुडी मिळाली. मी सतरासमोर 'एक घरटं' असं लिहिलं, आणि पुढे प्रमुखांनी आपल्या लेखात सतरा नंबरचा दाखला दिला की, ही खार पाणथळ आणि माळ दोन्हीकडून अन्न गोळा करी, म्हणजे दोन्ही प्रदेश तेव्हा बिळाच्या जवळ असले पाहिजेत. लेख छापून आला तेव्हा मी तो बायकोला दाखवला नाही.

आता दुसरी गोष्ट. साधारण तिसऱ्या वर्षी प्रमुखांनी मला खोलीत बोलावलं. निवडण्याच्या कामासाठी एक कायमची जागा मंजूर झाली होती. ते म्हणाले, तू मला बाहेर खाणींवर हवा आहेस, तुझ्या निम्म्याने तरी नजर असलेलं कोणी माहीत असेल तर सांग, उद्या घेतो.

आमचं ग्रीन कार्ड येऊन वर्ष झालं होतं, म्हणजे बायकोलाही नोकरी करायची मुभा होती. बायको त्या हिवाळ्यात आठ-दहा ठिकाणी अर्ज करून बसली होती. ग्रंथालय, रोपवाटिका, दवाखान्याची प्रयोगशाळा. कुठूनच उत्तर येत नव्हतं. रोज ती बूट घालून पत्रपेटीपर्यंत जाई आणि नुसती जाहिरात घेऊन परत येऊन म्हणे, "आज पिझ्झावाल्याने आठवण काढली."

मी प्रमुखांना म्हणालो, माझ्या माहितीत कोणी नाही.

नमुने घरी नेल्याचं उघडकीला येईल ही भीती होती. ते अर्धं कारण. उरलेलं अर्धं मी इतकी वर्षं स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. घारीचे डोळे माझे आहेत हे मला सोडवत नव्हतं. जागेवर एक विद्यार्थी आला, चांगला होता, हळू होता. घरटी घरी आणणं बंद झालं. बायकोने विचारलं तेव्हा मी सांगितलं की आता तिकडेच करतात. ती म्हणाली, "बरं झालं, कंबर सुटली," आणि सूप कपाटावर ठेवून दिलं. पुढच्या वर्षी तिला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं आणि निवृत्त होईपर्यंत तिने पोरांना जेवण वाढलं. पोरं तिच्यावर खूश असत. मला मात्र तिचा तो केसांवरचा जाळीचा टोप दिसला की नजर दुसरीकडे न्यावी लागे.

निवृत्तीनंतर आम्ही इकडे कॅरीला आलो. मुलगी इथे एका औषध कंपनीत आहे, दहा मिनिटांवर राहते. मी मंडळाच्या पिकनिकला मॅमथच्या गोष्टी सांगायचो. असंच चाललं असतं, पण गेल्या वर्षी मला एक ईमेल आली.

संग्रहाची नवी प्रमुख एक तरुण मुलगी आहे. जुनी नोंदवही ती संगणकावर चढवत होती. ईमेल सगळी इंग्रजीत होती, शेवटची दोन वाक्यं सोडून. तिने लिहिलं होतं की, तिचे आईवडील मराठी, ती वाढली अमेरिकेतच, प्लेनो शहरात, आणि संग्रहातल्या पुड्या बघून ती चकित झाली आहे. "काका, ह्या पुड्या कोणी फोल्ड केल्या? माझी आजी अंगारा अशाच पुडीत पाठवते."

मी ती ईमेल चार दिवस उघडून बंद करत होतो. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, बायको तूरडाळ निवडत बसली होती. इथली डाळ पाकिटातून अगदी स्वच्छ येते. तरी ती निवडते. वर्षातून एखादा खडा सापडतो आणि दिवसभर ती खुशीत असते.

"मला तुला एक सांगायचंय," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. "डॉक्टरांचा फोन आला का?"

"नाही."

"मग सांगा. असं तोंड करू नका."

मी ईमेल दाखवली आणि सगळं सांगितलं. आद्याक्षरांचं तिला माहीत होतं, नोकरी टिकवायची म्हणून माझं नाव घालावं लागतं असं मी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. जागेचं तिला माहीत नव्हतं. ते सांगताना मी डाळीकडे बघत होतो.

ती म्हणाली, "म्हणजे जागा होती."

"होती."

"आणि मी रोज पेटीपाशी जात होते."

"हो."

"खुर्ची होती का?"

"कसली खुर्ची?"

"निवडणाऱ्याला. पाठ टेकायची."

"होती. फिरणारी."

ती उठली, मागच्या दारी गेली आणि कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत राहिली. कुंडीतून पाणी वाहून पायरीवर आलं तरी घालत राहिली.

त्यानंतरचे दोन दिवस ती माझ्याशी गरजेपुरतं बोलली. चहात रोजचं आलं नव्हतं. आमची मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली तेव्हा तिला वातावरण कळलं आणि तिने आईकडून सगळं काढून घेतलं. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, सीरियसली? यू टोल्ड हिम यू डिडन्ट नो एनीवन?"

"हो."

"शी वॉज इन युअर किचन."

"हो, माहितेय मला."

"टेबलाखाली मी होते, बाबा. मी विटनेस आहे," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा तिला राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने आलं घातलेला चहा माझ्यासमोर ठेवला. मला वाटलं, सुटलो. ती समोर बसली आणि म्हणाली, "सतरा नंबरचं काय केलंत?"

"कसलं सतरा?"

"दोन घरं होती ते. पुढे कोणी दुरुस्त केलं का?"

मी लेखाचं सांगितलं. तेव्हा मात्र ती खरी चिडली. जागेबद्दल ऐकताना चढला नव्हता एवढा तिचा आवाज चढला. "म्हणजे इतकी वर्षं लोक वाचतायत की एकच खार दोन्हीकडे हिंडत होती? आणि तुम्ही शांत झोपताय?" "माझं नाव-बिव नंतर बघू," ती म्हणाली. "आधी त्या ईमेलवाल्या मुलीला फोन लावा."

आमच्या मुलीने शनिवारी व्हिडिओ कॉल जुळवून दिला. पडद्यावर केसांचा बुचडा बांधलेली, जाड स्वेटर घातलेली ती मुलगी दिसली. मागे कपाटं होती, माझ्या ओळखीची. मी ठरवलं होतं तसं आधी बोलून टाकलं. नमुने नियम मोडून घरी नेले, निवडले हिने, नाव लावलं मी.

ती मुलगी म्हणाली, "ओके. थँक यू फॉर टेलिंग मी, काका. पण मला थोडं प्रूफ लागेल. म्हणजे, रेकॉर्ड बदलायचं तर. आणि सॉरी, पण किचनमध्ये... जिऱ्याचं वगैरे कंटॅमिनेशन?"

"जिरं?" बायको पुढे सरकली. "माझ्या हातून? एक दाणा काढून दाखव."

"नाही नाही काकू, मी बिलीव्ह करते. बट पुडी कोण करून दाखवतंय?"

माझ्यासमोर कागद होता. मी प्रयत्न केला. सत्तावीस घरट्यांच्या पुड्या मी स्वतःच्या नावावर खपवल्या होत्या, आणि माझ्या हातात जे तयार झालं ते आमच्या मुलीने कॅमेऱ्यासमोर धरलं तेव्हा पडद्यावरची मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. बायकोने तोच चुरगळलेला कागद घेतला, मांडीवर सरळ केला, आणि बोलता बोलता, त्याच्याकडे न बघता, पुडी करून टेबलावर आपटली. सुटली नाही.

"दॅट्स द वन," ती मुलगी म्हणाली.

"आता सतरा नंबर आण," बायको म्हणाली.

ती उठून गेली, हातमोजे घालून एक लहान खोकं घेऊन आली. चिमट्याने तिने पुडी हळूच उलगडली. आम्ही तिघं पडद्याकडे डोकी घालून बसलो होतो. मी मनात म्हणत होतो की, एकत्र मिसळलेल्या बिया आता कशा वेगळ्या होणार, काळ्या तरी ओळखू येतील का.

"वेट," ती म्हणाली. "आत अजून एक पुडी आहे."

"असणारच," बायको म्हणाली.

"पण मी तुला एकत्र करायला सांगितलं होतं," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी मला दुसरं काही सुचलं नाही.

"तुम्ही सांगितलं होतं. मी केलं नव्हतं. बाहेरच्या पुडीत वरचं घर, आतल्या पुडीत खालचं. कोणी उघडून बघेल असं वाटलं होतं." मग तिने पडद्याला सांगितलं, "कोणी बघितलं नाही. तू बघितलंस."

कोणी उघडून न बघताच लेख लिहिला होता. पुडीतल्या बियांच्या याद्या मी हिच्या तोंडून ऐकून लिहून दिल्या होत्या, आणि प्रमुखांचा माझ्या डोळ्यांवर विश्वास होता. ते आता हयात नाहीत. त्यांना मी हे सांगू शकत नाही, म्हणून निदान इथे लिहितो. चूक त्यांची नव्हती.

त्या मुलीने दोन्ही पुड्यांतल्या थोड्या बिया वय काढण्यासाठी पाठवल्या आहेत. उत्तर अजून यायचंय. बायको निवांत आहे, तिला उत्तराची गरजच वाटत नाही. फोन ठेवण्याआधी त्या मुलीने जरा बिचकत विचारलं, "काकू, इथे फ्रीझरमध्ये अकरा घरटी तशीच पडली आहेत. नोबडी हॅज द पेशन्स. समरमध्ये दोन आठवडे याल का? व्हॉलंटियर म्हणून?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. "खुर्ची कशी आहे ते विचारा," ती म्हणाली.

गेल्या जुलैत आम्ही गेलो. फेअरबँक्सचे डास होते तेवढेच होते. विमानतळावरच्या तपासणीत सूप बाहेर काढायला लावलं, आणि बायकोने त्या माणसाला ते कसं धरायचं हे हातात देऊन दाखवलं. प्रयोगशाळेत ती खुर्चीवर बसली, एकदा डावीकडे फिरली, एकदा उजवीकडे. मग पाठ टेकून बसली. मी चाळण्यांकडे तोंड करून उभा राहिलो. मला तिकडे बघवेना.

"रडू नका," मागून आवाज आला. "गाळात पाणी पडेल."

दोन आठवड्यांत तिने चार घरटी निवडली. ती मुलगी शेजारी बसून शिकत होती, सुपावर घोळताना दोनदा सगळं सांडवून बसली आणि बायको तिला म्हणाली की, काकांपेक्षा बरं आहे. धुण्याचं काम माझ्याकडे होतं. तिने मला माफ केलं की नाही हे मी तिला विचारलेलं नाही. चहात आता रोज आलं असतं. पण एकदा, तिसऱ्या घरट्याच्या वेळी, चाळणीत गवताची काडी राहिली म्हणून तिने अख्खी चाळणी मला परत पाठवली आणि म्हणाली, "पुन्हा धुवा. घाई तुमची जुनी सवय आहे." मी पुन्हा धुतली.

शेवटच्या दिवशी त्या मुलीने जुनी नोंदवही टेबलावर ठेवली. एक ते सत्तावीस, माझी आद्याक्षरं मी स्वतः एकेक रेघ मारून खोडली, बाजूला तारीख आणि सही केली. पुढे बायकोने आपलं नाव लिहिलं. आद्याक्षरं नाही, पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, सत्तावीस वेळा. मी म्हटलं, वर एकदा लिहून खाली खुणा कर. ती म्हणाली, "मला वेळ आहे." सतरापाशी तिने ओळीच्या मधोमध आडवी रेघ मारली आणि एकाच्या जागी दोन घरं केली.

नव्या चार घरट्यांसाठी त्या मुलीने पेनाने एक जादा रकाना आखला, 'धुणारा', आणि वही माझ्याकडे सरकवली. त्यात मी माझी आद्याक्षरं लिहिली. बायकोने चष्मा लावून ती तपासली.

"तिसऱ्यासमोर 'दोनदा' लिहा," ती म्हणाली.